सेलूचा काटा

बाराची वेळ दिली होती, आला दोनला.
"बसा, लिंबाजी," म्हटलं तसा टोकावर टेकला,
सोयरिकीच्या बैठकीत टेकावं तसा.
छातीला एक पट्टा, पोटाला एक,
दंडाला डॉक्टर बांधतात ती पिशवी,
दोन बोटांना पत्र्याच्या टोप्या.
दाराबाहेर जमादार गौस तंबाखू मळत होते.
परभणीतला ऑक्टोबर. कूलरमध्ये पाणी नव्हतं.

सगळे प्रश्न मी आधीच वाचून दाखवते.
नियम आहे. अचानक काही विचारायचं नाही.

नाव लिंबाजी? हो.
आज मंगळवार? हो.
जन्मात कधी कुणाची वस्तू उचलली? नाही.
हे खोटं मला हवंच असतं.
खोटं बोलताना या माणसाची रेघ कशी वळते
ते बघून ठेवायचं, मग पुढं सरकायचं.

आबा सेलूच्या मोंढ्यात मापाडी होते.
गाडी चढायच्या आधी रिकाम्या काट्यावर
स्वतः उभे राहायचे. म्हणायचे,
"माझं वजन मला ठाऊक आहे.
याला आहे का बघू."
ओला कापूस जड भरतो, त्यात काट्याचा काय दोष.
पण गाठोड्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
आतला कापूस चोळल्याबिगर
त्यांनी कधी आकडा उच्चारला नाही.

माझा हात कुठवर जातो?

शाळेच्या रस्त्यानं गेलात? नाही.
लेकराबाळांत एकटे थांबलात? नाही.
त्या दिवसाबद्दल काही लपवलंय? नाही.
रेघ सरळ. वाळूतल्या दुधनेसारखी कोरडी.
दहा वर्षं हर्सूलला काढलेला माणूस
आता आखाड्यावर राहतो, भाऊ भाकरी बांधावर ठेवून जातो.
आत काही नाही म्हणून सरळ,
का जे आहे ते त्याला आता खरंच वाटत नाही म्हणून,
हे कागद सांगत नाही.

पोरगी आठ वर्षांची होती. नाव मला माहीत आहे,
इथं लिहिणार नाही.
कोर्टात तिला फ्रॉकचा रंग तीनदा विचारला.
तिसऱ्यांदा ती चुकली.
वकिलानं त्या एका रंगावर अर्धा तास काढला.
फ्रॉक पिवळाच होता. पंचनाम्यात आहे.

मग एक मोकळा प्रश्न, श्वास खाली बसावा म्हणून विचारतात तसला:
इथं एसटीनं आलात?
"हो."

आणि चारही रेघा उठल्या.

पट्टे न सोडता मी त्याच्या पायांकडं पाहिलं.
घोट्यापर्यंत पांढरी धूळ.
"झरीपस्तोर एसटीनं आलो, बाई," तो म्हणाला,
"झरीला शाळेची पोरं चढली. लई गर्दी झाली.
एक पोरगी माझ्या बाजूला बसू लालती.
मी उतरलो. तिथून चालत."
त्याच्या दंडावर काटा उभा राहिला होता.
तो मोजायची सोय या यंत्रात नाही.
माझ्याही हातावर होता, मी ओढणी खाली घेतली.

का उतरलात, हे यादीत नव्हतं.
ती बसायच्या आधी उतरलात का नंतर,
हेही नव्हतं.
मला फक्त हो आणि नाही विचारता येतं.

शेवटच्या रकान्यात लिहिलं: अनिर्णित.
आबा असते तर म्हणाले असते,
गाडी बाजूला लाव, पाल टाकून वाळू दे, उद्या परत मोजू.
उद्यापर्यंत माणूस कुठं लावतात?

टोप्या काढल्या. बोटांवर गोल वळ.
तो माठातलं पाणी प्याला, पेला धुऊन पालथा ठेवला,
दारात थांबला.
"बाई, जाताना एसटीनं जाऊ का चालत?"

गौस माझ्याकडं बघत होते.
भिंतीवर चार वाजून चाळीस.
पाचला शाळा सुटते.